प्रार्थना भरवशाने आणि नम्रतेने कशी करावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"प्रभुजी, आम्हांला प्रार्थना करायला शिकवा," असं शिष्यांनी येशूला म्हटल्याचं लूकच्या शुभवर्तमानाच्या ११ व्या अध्यायात आहे. ही माणसं नवखी नव्हती. लहानपणापासून सभास्थानात जाणारी, स्तोत्रं कानावर पडत मोठी झालेली यहूदी माणसं होती. तरी येशूला प्रार्थना करताना पाहिल्यावर त्यांना वाटलं, की आपल्याला हे शिकायला हवं. त्यामुळे "मला प्रार्थना करता येत नाही" असं कुणी संकोचून सांगितलं, की मला आनंदच होतो. शिष्य जिथे उभे होते तिथेच तो माणूस उभा असतो.

मंडळीतल्या प्रार्थनावर्गात, घरप्रार्थनेनंतर चहा घेताना, कधी रात्री उशिरा फोनवर जे प्रश्न येतात ते इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न लोक डोळ्यांत पाणी आणून विचारतात.

देवापुढे धीटपणे जायचं की नम्रपणे? दोन्ही एकदम कसं जमणार?

उत्पत्तीच्या १८ व्या अध्यायातला अब्राहाम पाहा. सदोम नगराचा नाश होणार हे त्याला कळलं आहे आणि तो देवासमोर उभा आहे. नगरात पन्नास नीतिमान असले तर? देव म्हणतो, त्यांच्याकरता मी नगर राखीन. मग अब्राहाम पंचेचाळीसवर येतो, मग चाळीस, तीस, वीस आणि शेवटी दहा. सहा वेळा तो मागतो आणि सहाही वेळा देव हो म्हणतो. बाजारात भाजीवालीशी घासाघीस करतानाही आपण इतक्या वेळा भाव पाडून मागत नाही. आणि हे सगळं चालू असताना अब्राहाम स्वतःविषयी काय म्हणतो? मी धूळ आणि राख, तरी प्रभूशी बोलायला धजलो आहे.

एकाच वाक्यात धूळही आहे आणि धजणंही आहे. त्याला एकासाठी दुसरं सोडावं लागलं नाही. आपण मात्र या दोहोंना तराजूच्या दोन पारड्यांत घालतो: नम्रता वाढली की भरवसा कमी होणार, भरवसा वाढला की नम्रता जाणार. अब्राहामाच्या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणाहून येतात. आपण कोणापुढे उभे आहोत हे त्याला ठाऊक आहे. देव थोर आहे म्हणून तो स्वतःला धूळ म्हणतो, आणि देव न्यायी व दयाळू आहे म्हणून तो मागत राहतो.

इब्री लोकांस पत्रात (४:१६) हेच ख्रिस्ताच्या संदर्भात आलं आहे. आपण धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ जावं, असं तिथे म्हटलं आहे. राजासनाजवळ जाताना कुणी हात हलवत, शीळ घालत जात नाही. पण ते आसन कृपेचं आहे, म्हणून दारात थरथरत उभं राहण्याचंही कारण नाही. त्याच्या आधीच्याच ओवीत कारण दिलं आहे: आपला प्रमुख याजक, म्हणजे ख्रिस्त, आपल्या दुर्बलतेविषयी सहानुभूती असणारा आहे, सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेलेला आहे. आपलं धैर्य त्याच्यावर उभं आहे.

माझ्या हातून मोठं पाप झालं आहे. मी कोणत्या तोंडाने प्रार्थना करू?

त्याच तोंडाने. मंदिरात दोन माणसं प्रार्थनेला गेली, हा दाखला येशूने दिला (लूक १८). एक होता परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, आणि दुसरा जकातदार, ज्याला लोक पापी समजत. परूशी उभा राहून म्हणाला, मी इतरांसारखा नाही, आठवड्यातून दोनदा उपास करतो, सगळ्या मिळकतीचा दशांश देतो. त्याने सांगितलेलं बहुधा खरंच असेल. तो खोटं बोलत होता असं येशू म्हणत नाही. जकातदार मात्र लांब उभा राहिला. वर पाहायचंही त्याला धैर्य झालं नाही. ऊर बडवून तो एवढंच म्हणाला, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." आणि नीतिमान ठरून घरी गेला तो हा.

एक गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटते. जकातदार मंदिरात आला होता. लाजेने घरी बसला असता तर ती नम्रता दिसली असती खरी, पण त्याला दया मिळाली नसती. आपली लाज आपल्याला देवापासून दूर नेत असेल तर तिला नम्रता म्हणू नका. तिच्यात एक लपलेला हिशोब असतो: आधी मी सुधारेन, थोडे दिवस नीट वागेन, मग तोंड दाखवीन. हा परूशाचाच हिशोब आहे, फक्त खात्यात शिल्लक कमी आहे.

म्हणून जे झालं ते त्याच्या खऱ्या नावाने देवापुढे सांगा. "काही चुका झाल्या असतील तर क्षमा कर" असं मोघम बोलू नका. खोटं बोललो असाल तर खोटं बोललो म्हणा, पैसे लाटले असतील तर लाटले म्हणा. आणि ज्याचं नुकसान केलं त्याच्याकडे जाणंही पश्चात्तापातच येतं. जक्कयही जकातदारच होता, तोही मुख्य जकातदार. अन्यायाने घेतलेलं चौपट परत करण्याची तयारी त्याने उभ्याउभ्या सांगितली.

प्रार्थनेच्या शेवटी "येशूच्या नावाने मागतो" म्हटलं नाही तर ती पोहोचत नाही का?

पोहोचते. ते शब्द म्हणजे मंत्र नाही, आणि ते उच्चारले म्हणून मागणीवर शिक्का बसत नाही. त्याच्या नावाने मागणं म्हणजे त्याच्या पुण्याईवर उभं राहून मागणं आणि त्याला पटेल असंच मागणं. शेजाऱ्याचं वाटोळं व्हावं अशी प्रार्थना येशूच्या नावाने कितीदाही केली तरी ती त्याच्या नावाने होत नाही. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतही हे शब्द नाहीत, याकडे एकदा लक्ष द्या.

घरप्रार्थनेत माझी पाळी आली की घसा कोरडा पडतो. इतरांसारखं मला बोलता येत नाही. काय करू?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा येतो. दृश्यही ओळखीचं आहे. सतरंजीवर गोल करून सगळे बसलेले. पाळक म्हणतात, "एकेकाने थोडक्यात प्रार्थना करू या." डावीकडून सुरुवात होते आणि आपण मोजू लागतो: अजून चार जण, अजून तीन. शेजारच्या काकांची प्रार्थना कानावर पडत असते, पण ऐकू येत नसते, कारण मनात स्वतःची वाक्यं जुळवणं चाललेलं असतं. मग पाळी येते आणि जुळवलेलं एकही वाक्य आठवत नाही.

पहिली गोष्ट, सराईतपणा म्हणजे प्रार्थना नव्हे. "हे सर्वसमर्था, सर्वव्यापी, स्वर्गीय पित्या" अशी सुरुवात करून दहा मिनिटं न अडखळता बोलणाऱ्यांचं मला कौतुक आहे. त्यांतले अनेक जण मनापासून बोलतात. पण येशूने व्यर्थ बडबड करू नका असं बजावलं आहे आणि त्याचं कारणही दिलं आहे: तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या पित्याला तुमच्या गरजा ठाऊक आहेत (मत्तय ६). त्याला माहिती पुरवायची नाही. त्याच्यापुढे चांगलं दिसायचंही नाही.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. एक वाक्य पुरतं. आंधळ्या बर्तीमयाने केवढी प्रार्थना केली? "येशू, दावीदपुत्रा, माझ्यावर दया करा." लोक त्याला गप्प राहा म्हणून दटावत होते, तेव्हा तो तेच वाक्य आणखी मोठ्याने ओरडला. पाण्यात बुडू लागलेल्या पेत्राची प्रार्थना तर त्याहूनही लहान होती: "प्रभुजी, मला वाचवा." आमच्या मंडळीत एक आजी आहेत, शाळेत कधी न गेलेल्या. त्यांची पाळी आली की त्या पदर डोक्यावर घेतात, थोडा वेळ काहीच बोलत नाहीत, आणि मग म्हणतात, "बापा, कालचा दिवस पार पडला, तुझे उपकार. आजचाही तूच बघ. आमेन." एवढंच. पण त्यानंतर पुढच्या माणसाला बोलायला जरा वेळ लागतो.

आणि पाळी नको असेल तर शेजाऱ्याच्या हाताला हळूच स्पर्श करून पुढे जाऊ द्या. दुसऱ्याच्या प्रार्थनेला मनापासून "आमेन" म्हणणं हीदेखील प्रार्थनाच आहे. गोल चालवणाऱ्या पाळकांनाही एक विनंती आहे: नवीन माणसाचं नाव घेऊन त्याला प्रार्थना करायला लावू नका. त्या भीतीने पुढच्या शुक्रवारी न आलेली माणसं मी पाहिली आहेत.

छापील किंवा पाठ केलेली प्रार्थना चालते का? ती मनापासून होते का?

चालते. येशूने स्वतः पाठ असलेल्या प्रार्थना वापरल्या. वधस्तंभावर, अखेरच्या तासांत, त्याच्या ओठांवर स्तोत्रसंहितेतल्या ओळी होत्या: २२ व्या स्तोत्रातला टाहो आणि ३१ व्यातलं आत्मसमर्पण. वेदना असह्य होते तेव्हा नवीन शब्द सुचत नाहीत, आणि लहानपणी पाठ केलेलं तेव्हा उपयोगी पडतं. अटक होण्याआधीच्या रात्री गेथशेमाने बागेतही तो "पुन्हा तेच शब्द बोलून" तिसऱ्यांदा प्रार्थना करतो असं मत्तयाने लिहिलं आहे.

आपल्याकडे यावरून उगाच तट पडले आहेत. वसईतल्या कॅथलिक घरात संध्याकाळी सगळं कुटुंब मिळून रोझरी, म्हणजे जपमाळेवरच्या पाठ प्रार्थना, म्हणतं ते पाहून काही प्रॉटेस्टंट मंडळी "ही पोपटपंची" म्हणतात. आणि मोकळी प्रार्थना ऐकून काही कॅथलिक म्हणतात, "यांना शिस्त नाही." माझं मत असं की मन दोन्हींत असू शकतं आणि दोन्हींत नसूही शकतं. मोकळी प्रार्थना करणारेही वर्षानुवर्षं तीच पाच-सहा वाक्यं फिरवून बोलत असतात, फक्त ती छापलेली नसतात.

मराठी ख्रिस्ती माणसाला तर गाण्यातून प्रार्थना करण्याचा मोठा वारसा मिळाला आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग आणि भजनांच्या चालीवर ख्रिस्तभक्ती आणली. टाळ-मृदंगाच्या साथीने ती आजही आमच्या उपासनांत गायली जाते. ज्याला बोलून प्रार्थना जमत नाही त्याने गावी. गाताना घसा कोरडा पडत नाही, हा माझा अनुभव आहे.

प्रभूची प्रार्थना रोज म्हणतो, पण ती पंधरा सेकंदांत संपते. तिच्यावर कसं थांबायचं?

एकेका ओळीवर थांबा. सुरुवातीच्या मंडळीत ती दिवसातून तीनदा म्हणण्याची रीत होती. म्हणजे ती वरचेवर म्हणायचीच आहे, पण धावत नाही.

"हे आमच्या स्वर्गातील पित्या." इथेच थांबा. "आमच्या" हा शब्द नीट घ्या. या सबंध प्रार्थनेत "मी" कुठेच नाही. बंद खोलीत एकटे असाल तरी तुम्ही "आम्हांला" म्हणता, म्हणजे ज्याच्याशी तुमचं पटत नाही तोही त्यात आला. "पित्या" हा भरवसा आणि "स्वर्गातील" ही नम्रता, दोन्ही पहिल्याच ओळीत आहेत.

मग तीन मागण्या देवाच्या आहेत: त्याचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा. आपल्या गरजा त्यांच्यानंतर येतात. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. मी चिंता घेऊन बसतो तेव्हा पहिल्या वाक्यापासून चिंताच बोलत सुटतो आणि उठताना ती आणखी वाढलेली असते. आधी या तीन मागण्या म्हटल्या, की चिंता तीच राहते, पण ती कोणाच्या हातात द्यायची ते डोळ्यांपुढे येतं.

"आमची रोजची भाकर आज आम्हांस दे." इथे खरोखर आजचं मागा: मुलाची फी, थकलेलं भाडं, पावसाने ओढ दिली असेल तर पाऊस. पुढल्या वीस वर्षांची तरतूद मागायला येशूने शिकवलेलं नाही. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्नही, रोजचा रोजच मिळत होता आणि दुसऱ्या दिवसासाठी साठवला तर त्यात किडे पडत.

"जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे." या ओळीवर मात्र घाई झाली तर मला समजतं. ती जड जाते. एक नाव मनात येतं आणि पुढे सरकवत नाही. अशा दिवशी निदान एवढं म्हणा: प्रभू, मी अजून सोडलेलं नाही, सोडण्याची इच्छा तरी दे.

मोठ्याने प्रार्थना करावी की मनातल्या मनात?

शिलो इथल्या मंदिरात हन्नाने प्रार्थना केली तेव्हा तिचे फक्त ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. एली याजकाला वाटलं, ही प्यायली आहे. दुसऱ्या टोकाला केडगावचं मुक्ती मिशन. पंडिता रमाबाईंच्या त्या आश्रमात १९०५ साली जागृती झाली तेव्हा शेकडो मुली आणि बाया एकाच वेळी मोठ्याने, रडत, आपापल्या शब्दांत प्रार्थना करत होत्या. पाहायला आलेल्या काहींना तो गोंधळ वाटला. रमाबाईंनी तो बंद केला नाही.

तुमचा स्वभाव, घर, वेळ पाहून ठरवा. फक्त शेजाऱ्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने नको आणि कुणी हसेल म्हणून गप्पही नको.

आम्ही चाळीत एका खोलीत सहा जण राहतो. "खोलीत जा आणि दार लाव" हे आम्ही कसं पाळायचं?

येशू ज्यांना हे सांगत होता त्यांतल्या पुष्कळांचीही घरं एका खोलीचीच असणार. तो स्वतः पहाटे उठून एकांत जागी जात असे, डोंगरावर जात असे. पेत्र भरदुपारी घराच्या धाब्यावर चढून प्रार्थना करत होता. परक्या राजाच्या दरबारात चाकरीला असलेल्या नहेम्याला तर तेवढीही सोय नव्हती. राजाने त्याला विचारलं, तुला काय हवं? नहेम्या लिहितो, की मी स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि राजाला म्हणालो. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये जेवढा वेळ मिळाला तेवढ्यात ती प्रार्थना झाली.

विरार लोकलमध्ये खिडकीशी डोळे मिटून बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. पाण्याच्या रांगेत, पोळ्या लाटताना, रात्रपाळीला जाताना प्रार्थना करा. घरातली इतर माणसं दुसऱ्या श्रद्धेची असतील आणि त्यांच्याशी वाद नको असेल, तर तुमची शांत प्रार्थना लपून केलेलं काम ठरत नाही. गुप्तपणे पाहणारा पिता, असंच त्याचं वर्णन येशूने केलं आहे.

"तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" म्हणणं म्हणजे विश्वास कमी असणं, असं एका सभेत ऐकलं. खरं आहे का?

नाही. आणि हे शिकवणं घातक आहे, हे मी स्पष्ट सांगतो. "हक्काने मागा, घोषणा करा, जर-तर म्हणू नका" असं सांगणारे प्रचारक आपल्याकडे वाढले आहेत. त्यांच्या सांगण्यात एक धागा खरा आहे: देवापाशी बिचकत मागू नये. पण गेथशेमानेत येशू काय म्हणाला? आधी मागणी आहे, अगदी उघड: हा प्याला माझ्यावरून टळून जावो. आणि मग, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. त्याचा विश्वास कमी होता असं म्हणायला कुणाची जीभ धजेल?

क्रमही पाहा. आपल्यापैकी काही जण आधीच "तुझी इच्छा" म्हणून मोकळे होतात आणि मागतच नाहीत. मागितलं आणि मिळालं नाही तर होणारं दुःख टाळायचं असतं. येशूने तसं केलं नाही. त्याने मागितलं, घाम गाळून मागितलं, आणि मग सोपवलं.

कुष्ठरोग्याची विनवणी मला फार आवडते. "आपली इच्छा असली तर मला शुद्ध करायला आपण समर्थ आहात" (मार्क १:४०). समर्थ आहात याविषयी त्याला तिळमात्र शंका नाही. इच्छा आहे की नाही हे तो गृहीत धरत नाही. आणि राजाच्या मूर्तीपुढे न वाकल्यास जळत्या भट्टीत टाकू, अशी धमकी बाबेलमध्ये ज्यांना मिळाली ते तीन तरुण म्हणाले, आमचा देव आम्हांला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवलं नाही तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही. निकालाची खात्री नसतानाही देवाची खात्री अशी असते.

वर्षानुवर्षं प्रार्थना केली, उत्तर आलं नाही. "तुमचा विश्वास कमी पडला" असं सांगण्यात आलं. आता काय?

ज्यांनी तसं सांगितलं त्यांनी तुमच्या दुःखावर आणखी एक ओझं ठेवलं. ते तुम्ही वाहायची गरज नाही.

प्रेषित पौलाच्या शरीरात काटा होता, म्हणजे त्याला सतत छळणारी एक पीडा. तो काढावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही. "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढं उत्तर त्याला मिळालं. पौलाचा विश्वास कमी पडला असं पवित्र शास्त्र म्हणत नाही. उलट, आजारी मुलाच्या बापाने "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका" अशी अर्धीमुर्धी प्रार्थना केली आणि त्याचा मुलगा बरा झाला. विश्वासाचं वजन करून त्या मापाने उत्तर देण्याचा व्यवहार इथे दिसत नाही. येशूने मोहरीच्या दाण्याएवढ्या विश्वासाविषयी सांगितलं ते याचसाठी.

मोनिकेची हकिकत ऐका. उत्तर आफ्रिकेतली ही आई आपला मुलगा ऑगस्टीन ख्रिस्ताकडे यावा म्हणून वर्षानुवर्षं रडत होती. ३८३ साली त्याने रोमला जायचं ठरवलं. तिथे तो आणखी वाहवत जाईल या भीतीने ती त्याच्या मागोमाग समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेली. त्याने तिला थाप मारली, की मित्राला निरोप द्यायला आलो आहे. बंदराजवळच्या एका प्रार्थनास्थळात तिने ती रात्र काढली आणि देवाने त्याला जाऊ देऊ नये म्हणून प्रार्थना केली. सकाळी जहाज गेलेलं होतं. त्या सकाळी तिला काय वाटलं असेल? पण तो इटलीला गेला म्हणूनच मिलानमध्ये बिशप अँब्रोजच्या संगतीत आला आणि ३८७ साली त्याच्याच हातून त्याने बाप्तिस्मा घेतला. त्या रात्रीचं मागणं देवाने नाकारलं आणि आयुष्यभराचं मागणं ऐकलं, असं पुढे ऑगस्टीननेच लिहिलं.

पण हेही खरं, की प्रत्येकाला असं मागे वळून पाहता येत नाही. काहींचं लेकरू गेलं ते गेलं. त्यांना मी मोनिकेची गोष्ट सांगत नाही. त्यांच्याजवळ बसतो आणि ८८ वं स्तोत्र वाचतो. त्या स्तोत्राच्या शेवटी उजाडत नाही. ते अंधारातच संपतं. तरी ते देवाशीच बोलत असतं आणि ते पवित्र शास्त्रात ठेवलं गेलं आहे. तुम्हाला आज स्वतः प्रार्थना करवत नसेल तर इतरांना तुमच्यासाठी करू द्या. आपण प्रार्थना कशी करावी हे आपल्याला ठाऊक नसतं तेव्हा पवित्र आत्मा शब्दांत न येणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो, असं रोमकरांस पत्रात (८:२६) आहे.

देवावर राग आला तर तो बोलून दाखवावा का?

हो. दीडशे स्तोत्रांतला सर्वांत मोठा गट विलापाचा आहे. "हे परमेश्वरा, कोठवर? तू मला सर्वकाळ विसरणार काय?" असं १३ वं स्तोत्र विचारतं. देवाच्या पाठीमागे कुरकुर करण्यापेक्षा त्याच्या तोंडावर तक्रार करण्यात जास्त विश्वास आहे. सगळं गमावलेल्या ईयोबानेही केली, आणि त्याच्या मित्रांची गुळगुळीत उत्तरं देवाला आवडली नाहीत.

बरं वाटावं म्हणून प्रार्थना करतोय, मग औषध बंद करावं का?

अजिबात करू नका. हिज्कीया राजाने रडून प्रार्थना केली, देवाने त्याचं आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवलं, आणि तरी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला सांगितलं (२ राजे २०). लूक तर वैद्यच होता. आपल्या महाराष्ट्रात मिरजेला मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली रुग्णालय सुरू केलं. प्रार्थना आणि शस्त्रक्रिया यांत विरोध आहे असं मानणाऱ्याने ते उभारलं नसतं. इन्शुलिन, फिट्सच्या गोळ्या, टीबीचा कोर्स कुणाच्याही सांगण्यावरून थांबवू नका. "गोळ्या फेकून द्या, तेव्हाच विश्वास दिसेल" असं कुणी म्हणत असेल तर त्या सभेला पुन्हा जाऊ नका.

देवाला "तू" म्हणणं उद्धटपणा नाही का?

आईला आपण "तू"च म्हणतो. मराठी संतांनीही देवाला तसंच हाकारलं आणि आपल्या पवित्र शास्त्रातही देवाशी बोलताना तेच आहे. तुम्हाला "आपण" म्हणावंसं वाटलं तर तसं म्हणा. आदर आवाजात आणि वागण्यात असू द्या.

प्रार्थनेला बसलो की मन भरकटतं किंवा झोप येते.

भरकटून मन जिकडे जातं तिकडेच प्रार्थना न्या. सारखं ऑफिसमधल्या त्या माणसाकडे जात असेल तर त्या माणसाविषयीच बोला; कदाचित आज तोच विषय असेल. झोपेचं म्हणाल तर गेथशेमानेत शिष्यही झोपले होते. येशूने त्यांना जागं केलं, टाकलं नाही. अंथरुणात प्रार्थना करत असाल तर उठून बसा, किंवा चालत करा. आणि पहिल्या आठवड्यातच तासभराचा नेम धरू नका. पाच मिनिटं रोज बसणारा माणूस वर्षभराने कुठे पोहोचतो ते मी पाहिलं आहे. एका रविवारी भावनेच्या भरात रात्रभराच्या जागरणाचा संकल्प करणारा पुढच्या रविवारी कुठे असतो तेही पाहिलं आहे.

इतरांसाठी प्रार्थना मागताना त्यांच्या घरच्या गोष्टी उघड होतात. हे योग्य आहे का?

नाही. "अमक्यांच्या सुनेसाठी प्रार्थना करा, तिचं काय चाललंय माहीत आहे ना" ही चुगली आहे, तिच्याआधी "प्रार्थना" शब्द जोडला म्हणून ती पवित्र होत नाही. ज्याचा विषय आहे त्याला आधी विचारा. परवानगी नसेल तर नाव न घेता विनंती सांगा. मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कुणाचे रिपोर्ट, कुणाच्या भांडणाची हकिकत टाकू नका. ते कुठवर जाईल याचा नेम नसतो.

"तुमच्यासाठी प्रार्थना करीन" असं म्हणतो आणि विसरतो. मग अपराधी वाटतं.

म्हणाल तिथेच करा. रस्त्यावर भेटलेल्या माणसाला "चला, आत्ताच दोन शब्द बोलू या" म्हटलं तर शंभरांतले नव्याण्णव नाही म्हणत नाहीत. फोनवर असाल तर फोनवरच करा. जे पुढेही चालू ठेवायचं आहे ते वहीत लिहा. नाव, विषय, तारीख, एवढं पुरे. दहा-बारा नावांच्या वर यादी नेऊ नका, नाहीतर ती हजेरीपटासारखी वाचली जाते. आठवड्याने त्या माणसाला फोन करा आणि विचारा: ऑपरेशन कसं झालं, मुलीला नोकरी लागली का, घरी आता बोलणं सुरू झालं का. जे कळेल ते नावापुढे लिहा आणि दुसऱ्या दिवशी तिथून पुढे मागा.